आधी वर्ष, मग महिना

राज्याची वाटणी होऊन आंध्र वेगळं झालं तेव्हा आमच्या खात्यात खुर्च्यासुद्धा मोजून वाटल्या. शेजारच्या टेबलावरचा माझा सोबती मूळचा गुंटूरकडचा, म्हणून तो आंध्राच्या वाट्याला गेला. त्याचं घर इथे नल्लकुंट्यात, मुलं इथल्या शाळेत, पण ते कोणी विचारलं नाही. आम्ही दोघं मिळून खात्याचे सर्व्हर सांभाळायचो.

रोज रात्री सगळ्या नोंदींची एक प्रत आपोआप निघायची. ती काढणारी छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, त्याने लिहिलेली. प्रतीच्या नावात तो तारीख घालायचा. आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. डिस्कवर जेमतेम पंधरवड्याच्या प्रती मावायच्या, म्हणून स्क्रिप्ट नावं क्रमाने लावून सगळ्यात वरची, म्हणजे सर्वांत जुनी, प्रत पुसून टाकायची. साहेबांना ही उलटी तारीख खपायची नाही. सोबत्याने वाद घातला नाही. स्क्रिप्टमधल्या तारखेच्या आज्ञेत अक्षरं मागेपुढे करून साहेबांकडे जाणाऱ्या अहवालात तेवढा दिवस आधी दाखवला आणि फाइलींची नावं तशीच ठेवली. मला म्हणाला, "साब कू कैलेंडर मालूम. मशीन कू सिरफ हरफ मालूम." म्हणजे मशीन तारीख ओळखत नाही, नुसती अक्षरं बघून क्रम लावतं.

तो विजयवाड्याला रुजू झाला आणि साहेबांनी फाइलींच्या नावांतही दिवस आधी आणायचा हुकूम काढला. क्रम बिघडेल, असं मी सांगून पाहिलं. "आप लोगाँ हर बात कू मुश्किल करते," म्हणत त्यांनी ते एका कंत्राटी माणसाकडून करून घेतलं.

महिना उलटला. एक तारखेची ताजी प्रत आकड्याने सगळ्यात लहान, ती वर जाऊन बसली आणि स्क्रिप्टने तिलाच जुनी समजून पुसलं. दोन तारखेला तेच, तीनला तेच. दुसऱ्या आठवड्यात मुख्य डिस्क बंद पडली, तेव्हा चालू महिन्याची एकही प्रत हाती नव्हती.

"आंध्रावाला जाते जाते घात करके गया." साहेबांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. चौकशी बसली आणि तिकडे त्याची बढती अडकली. मी साहेबांना स्क्रिप्टची फाइल उघडून दाखवली. तिच्यातला बदल तो गेल्यानंतरचा होता, हे त्या बदलाची तारीखच सांगत होती. साहेबांनी ती नीट वाचली.

"आप तो ना इधर के, ना उधर के," ते शांतपणे म्हणाले. "बीच में कायकू पडते जी?"

खरं होतं ते. मागच्या, छप्पन सालच्या वाटणीत आमचा मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला आणि आमचं घर इथे चिक्कडपल्लीतच राहिलं. तेव्हापासून आम्ही दोन्हीकडच्यांना चालतो, कारण आमचं बोलणं कोणी मोजत नाही.

चौकशीत मी सगळं सांगितलं. चौकशी करणाऱ्यांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि निष्कर्ष काढला की जबाबदारी निश्चित करता येत नाही. साहेब सुटले, सोबत्यावर मात्र संशय तसाच राहिला आणि त्याची बढती गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं आणि जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी परत लावायला सांगितली. तिच्या पहिल्याच ओळीत, लिहिणारा म्हणून, त्याचं नाव होतं.

"वो एक लाइन निकाल दो," साहेब म्हणाले.

मी काढली नाही. त्यावरून कोणी मला विचारलंही नाही. ती फाइल उघडून वाचणारा खात्यात माझ्याशिवाय एकच माणूस होता, आणि तो विजयवाड्याला आहे.