ओरडून सांगायचं गुपित

मिलमध्ये माग चालवून बाबांचे कान गेले आणि कानांपायी कामही गेलं. आई बिड्या वळायची, त्यावर घर. बाबांशी सगळं ओरडून बोलावं लागे, म्हणून आम्हा सगळ्यांचेच आवाज मोठे झाले. पीठ संपलं तरी गल्लीला कळायचं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्प घेतला: प्रकाशाच्या लुकलुकीतून गुप्त किल्ली, म्हणजे सांकेतिक निरोप उलगडायचा आकडा, पाठवायची.

आई हसली. "तू गुपित ठेवून राहिला? तुझी कुजबुज तं नळावर ऐकू येते गा!"

पद्धत सोपी होती. मी टॉर्चसमोर पोलरॉइडची, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी, काच धरायची, उभी, आडवी किंवा डावीकडे-उजवीकडे तिरपी, आणि बटण दाबायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरमपेठेत राहणारा माझा वर्गमित्र त्याच्या मनाने काच सरळ किंवा तिरपी धरून बघायचा. मग दोघांनी काच सरळ होती की तिरपी ते ओरडून सांगायचं. जुळलं तेवढं ठेवायचं, बाकी सोडायचं. खरी रीत प्रकाशाच्या एकेका कणाची. एकेक कण सोडणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत कुठलं? टॉर्चवर निदान रीत तरी दाखवू, म्हटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. यात नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष शिकवायची घरात सोय नव्हती.

"सरळ!" मी ओरडलो.

"तिरपी!" मित्र ओरडला. मग हळूच, "लाउडस्पीकर, जरा कमी कर बे."

परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगळ्या कॉलेजला ऐकवता, मग गुपित काय राहिलं?"

"सर, काच सरळ की तिरपी, एवढंच ओरडतो. सरळ म्हणजे उभी की आडवी, ते नाही सांगत. किल्ली तीच आहे."

ते उठले आणि टेबलावरची एक जादा काच मधे तिरपी धरून उभे राहिले. "मी चोर. पाठवा."

पाठवलं. आम्हा दोघांची काच सरळ असली की मित्राला एक तर लख्ख उजेड दिसायचा, नाहीतर पूर्ण अंधार. आता मधल्या काचेने उजेड तिरपा केल्यामुळे तेव्हाही दर वेळी मिणमिणता उजेडच दिसू लागला.

"सर, चोर सापडला!" तो ओरडला. या वेळी माझ्यापेक्षाही मोठ्याने.

परीक्षक हसले आणि काच खाली ठेवली.

निकाल मी बाबांना दारातूनच ओरडून सांगितला. मी एम.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला.