हिरूबाय आधी तळ बघायची

मुरबे गावची हिरूबाय माशांच्या ढिगाला वरून कधी हात लावत नसे. ढीग केवढाही असो, ती उकिडवी बसे, पदर कमरेला खोची आणि उजवा हात कोपरापर्यंत थेट तळाशी घाली. तिथून एक मासा ओढून काढी, त्याचे कल्ले उघडून बघी आणि मगच बोले. "वरचा मासा सगळ्यांनाच हसून दाखवतो," ती म्हणे. "खालचा खरं सांगतो."

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते सत्तरच्या दशकात, मुरब्याच्या किनाऱ्यावर. माझी शाळा सातवीत सुटलेली. बोईसरहून जुन्या टेंपोत मासळी भरून मी मुंबईला न्यायचो. तिथल्या एका शीतगृहातल्या कारकुनाकडून मी चार इंग्रजी शब्द उचलले होते. ते टाकले की समोरचा माणूस भावाला निम्मा नरम पडतो, असा माझा अनुभव होता.

"सगळा लॉट मिक्समध्ये घेतो," मी ऐटीत म्हणालो.

"लॉट म्हंजे काय रे, शेट?"

"सगळा ढीग एकत्र. निवडानिवड नाही."

"आनि मिक्स?"

"लहान-मोठं सगळं एकाच भावात."

तिचा हात तळाशी गेला. चांगलं पसरट पापलेट बाहेर आलं. दुसऱ्या हाताने तिने एक बोटभर मांदेली उचलली. "या दोघांना एक भाव? आनि मुंबईला नेऊन तू यांना येगळं करनार. त्याला काय म्हंतात इंग्लिशमदी?"

"सॉर्टिंग."

"मंग ते आमी हितंच करतो. तू कशाला तरास घेतोस!"

किनाऱ्यावरच्या बाया खदखदून हसल्या. माझं डोकं फिरलं. पायाशी एक रिकामी टोपली होती, ती मी लाथेने उडवली. ती लाटेत जाऊन पडली. हिरूबाय हसली नाही की चिडली नाही. "ती आन," ती म्हणाली, "मंग भावाचं बोलू." गुडघाभर पाण्यात शिरून मी टोपली आणली. भाव तिचाच ठरला.

ज्या बाईने मला फसवू दिलं नाही ती आपल्या बाजूला असलेली बरी, एवढी अक्कल मला होती. पुढे बोईसरला मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता यांनी बर्फाची शेड उभी केली, तेव्हा मासळी निवडायला मी हिरूबायला बोलावलं. ती आणखी सात-आठ बाया घेऊन आली. वसंता तिच्या शेजारी पाट टाकून पेट्या भरायला बसे. अशी बारा वर्षं गेली.

मी मुंबईहून आणलेला प्रत्येक नवा शब्द ती मागून घेई आणि त्याचा आपला अर्थ लावी. "लॉट म्हंजे न बघता घ्यायचं. सॉर्ट म्हंजे बघून घ्यायचं. ग्रेड म्हंजे आदी किंमत ठरवायची, मंग मासा बघायचा." एकदा मी 'असॉर्टेड' आणला. निवडक, तऱ्हेतऱ्हेचा माल, असं मी सांगितलं. तिने पेटीच्या तळातला एक मासा काढून बघितला. मग म्हणाली, "मिक्स म्हनायची लाज वाटली का असॉर्टेड म्हंतात, नाय?" कारकुनालाही इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

वाट्यांच्या बाबतीत मात्र ती इंग्रजी चालू देत नसे. दिवस संपला की उरलेली मासळी बाया घरी नेत. एकीने वाटे घालायचे, दुसरीने उचलायचे, आणि जिने घातले तिने सगळ्यात शेवटी घ्यायचा. "घालनारा आनि उचलनारा एकच असला तर त्याला वाटा म्हनत नाय," ती म्हणे. "त्याला चोरी म्हंतात."

मग वसंताने वेगळं व्हायचं काढलं. त्याचं लग्न झालं होतं, माझ्या तोंडाला तो कंटाळला होता. मला वाटलं, हा गेला तर धंदा जाईल आणि भाऊही. पण मी ते बोललो नाही. मी फक्त ओरडलो. शेवटी दोघांनाही चालेल असं एकच माणूस निघालं. हिरूबायने निकाल दिला, "मोठ्याने वाटे घालायचे, धाकट्याने उचलायचा."

मी दोन याद्या केल्या. एकीवर लिहिलं 'ए ग्रेड': शेड, नवा ट्रक, बाजारातली जागा. दुसरीवर लिहिलं 'असॉर्टेड': जुना टेंपो, काटे, पेट्या, ताडपत्र्या, दोर, असं लांबत लांबत गेलेलं. अगदी शेवटच्या ओळीत तारापूर रस्त्याकडची दहा गुंठे जमीन. तिथे पुढेमागे कारखान्यांची वस्ती सरकणार, हे मला ठाऊक होतं. वसंता डोळे झाकून शेड घेणार, ही माझी खात्री होती.

वसंताने दोन्ही कागद घेतले आणि वाचायला सुरुवात केली ती खालून. 'असॉर्टेड' उचलून तो म्हणाला, "दादा, मला हा."

मी हिरूबायच्या अंगावर धावून गेलो. "तू शिकवलंस याला!"

"मी काय शिकवनार? बारा वरसं माझ्या बाजूला बसला. माझा हात कुटं जातो ते त्याला दिसत नवतं?"

त्याच दिवशी मी तिला शेडमधून घालवलं. वसंताशी बोलणं तुटलं. शेड मी चालवली, वाढवलीही. पण ते दहा गुंठे अजून माझ्या घशात आहेत. वाटे मी घातले, हे मला कबूल आहे. तरी तिने निदान तोंडावर वाईट वाटल्यासारखं करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

नव्वदीच्या मध्यावर ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मुरब्याला गेलो तर वसंता तिच्या उशाशी बसलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. हिरूबायने सुनेला सुक्या बोंबलांची टोपली आणायला लावली. बोट माझ्याकडे केलं. "दोन वाटे घाल, शेट. धाकटा उचलंल."

मी जमिनीवर बसलो. आयुष्यात इतक्या सावकाश मी कुठलाच माल लावला नव्हता. लांब बोंबील दोन्हीकडे सारखे, मोडके दोन्हीकडे सारखे. वर जसे, तळाशीही तसेच.

वसंताने जवळचा ढीग ओंजळीने पिशवीत भरला.

"तळाला हात नाय घातलास?" हिरूबायने विचारलं.

"वाटे दादाने घातलेत," तो म्हणाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. त्याच पावसाळ्यात ती गेली. वसंताच्या मुलांची लग्नं पुढे माझ्याच अंगणात झाली, तेव्हा त्या बोंबलांचा विषय कुणी काढला नाही.

मी मात्र त्या दिवशी वाट बघत होतो. आयुष्यात एकदा मी वाटे खरे घातले होते. वसंताने हात घालून बघायला हवं होतं.