काचेची पायरी

काचेचं काम करणारी माणसं हळू बोलत, हळू चालत असतील असं लोकांना वाटतं. आम्ही नवरा-बायको दोघंही तोंडाळ. त्यात आमची शेड नागपूरजवळच्या वाडीत, तिथं ट्रकांच्या हॉर्नच्या वर आवाज चढवल्याशिवाय चहासुद्धा मागवता येत नाही.

शेड म्हणजे मुळात माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं गोदाम. वर्षानुवर्षं ट्रान्सपोर्टवाल्यांना भाड्यानं दिलेलं. आम्ही लॅमिनेटेड काच करायची ठरवली तेव्हा त्यांनी ते एका उन्हाळ्यापुरतं दिलं. पहिली ऑर्डर पास झाली तर ठीक, नाही तर गोदाम पुन्हा ट्रकवाल्याला. हातातून सुटली की केरात जाणाऱ्या वस्तूचा कसला धंदा, हे ते रोज जेवताना ऐकवायचे. भाजी मात्र आधी माझ्या ताटात वाढायला लावायचे.

काम सांगायला सोपं आहे. काचा धुऊन कोरड्या करायच्या, दोन काचांच्या मधे दुधी रंगाची लवचीक फिल्म अंथरायची, सगळं रबरी पिशवीत घालून आतली हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत ठेवायचं. उष्णतेनं फिल्म मऊ होऊन काचांना घट्ट धरते. आत दुधी घालायचं आणि बाहेर आरपार दिसणारं निघतं, याचं मला अजूनही हसू येतं. अट एकच, फिल्मच्या खोलीत थंडावा हवा आणि ओल अजिबात नको.

एका आर्किटेक्ट बाईंना बंगल्याच्या जिन्यासाठी तीन-तीन काचा जोडून केलेल्या पायऱ्या हव्या होत्या. नमुन्याची पायरी त्या स्वतः येऊन तपासणार होत्या. आणि ऐन मे महिन्यात, त्याच आठवड्यात, फिल्मच्या खोलीतला एसी बंद पडला.

मिस्त्रीला घेऊन आम्ही परत आलो तर मामाजी दारात उभे, चेहरा खुललेला. घरचा कूलर त्यांनी टेम्पोत घालून आणला होता. वाळ्याच्या नव्या ताट्या, काठोकाठ भरलेली टाकी, आणि ओल्या वाऱ्याचा झोत थेट उघड्या फिल्मवर. आम्ही घामानं भिजलेले त्यांना बघवत नव्हतो, असं म्हणाले. नागपुरात मे महिन्यात याहून मोठी माया कुणी कुणावर करत नाही. नवऱ्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याचा पाय दाबला. कदाचित निभावेल, अशी वेडी आशा होती.

निभावलं नाही. भट्टीतून पायरी निघाली ती बुडबुड्यांनी भरलेली, कडेला धुकं धरलेली.

"काहून असं झालं वं?" मामाजींनी विचारलं.

खोटं बोलवेना. फिल्मनं कूलरची ओल ओढली, म्हणून सांगितलं. त्यांनी स्वतः जाऊन कूलरची पिन काढली. रात्री जेवताना काचेबद्दल एक शब्द नाही, आणि त्या गप्प बसण्यानं मला पायरी वाया गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

एसी सुरू झाला. फिल्मची एक सीलबंद गुंडाळी उरली होती, तिच्यातूनच आम्ही पुन्हा तीन काचांची पायरी केली. मामाजी खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. ओल्या हाताच्या माणसाला आत प्रवेश नाही. सासूबाई पाण्याचा गडवा घेऊन आल्या, त्यांनाही त्यांनी शेडबाहेर पिटाळलं. मी आत हसू दाबत फिल्म कापत होते.

पायरी लख्ख निघाली. आर्किटेक्ट बाईंनी ती दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायला सांगितली आणि वरच्या काचेवर हातोडा घातला. काच तडकली, कडेपर्यंत चिरा गेल्या, पण एक कण खाली पडला नाही. बाई मान डोलावत वाकून चिरा बघू लागल्या.

मामाजी उठले, चपला काढल्या आणि त्या तडकलेल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले. नवरा धावला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. थोडं दाबून पाहिलं. मग तिथूनच खिशातला मोबाइल काढला आणि ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावून म्हणाले, "गोदाम नाही भेटत गा आता. सून काम करून राहिली तिथं."