माणूस ओला दिसला पाहिजे

कोणी पडलं की माझा हा मित्र आधी सायकल उचलायचा, मग माणूस. मग त्या माणसाला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नळावर नेऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "घरी सांग, बाथरूममध्ये घसरलो. पण माणूस ओला दिसला पाहिजे."

मुलुंडला आमच्या कॉलनीमागून डोंगरावर एक पायवाट चढते. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच पोट सुटलेले गृहस्थ जाड टायरच्या सायकली घेऊन जायचो. वर ढकलत न्यायच्या आणि खाली उतरताना पडायचं, असा हा खेळ. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे एकदोन नग असतील. गुडघ्यावर पट्टी आणि चेहऱ्यावर पराक्रम, लगेच ओळखू येतात.

मी तर पडण्यासाठीच जायचो म्हणा ना. पहिल्याच उतारावर घाबरून नुसता पुढचा ब्रेक दाबला. सायकल थांबली, मी थांबलो नाही. सरळ करवंदीच्या जाळीत. वरून त्याचा आवाज आला, "काय झाला नाय तुका. ऊठ मेल्या." रागावला किंवा खूश झाला की मालवणीत शिरायचा. मग नळ, पाणी, बाथरूम. घरी बायकोने चिमट्याने काटे काढता काढता एवढंच विचारलं, "आपल्या बाथरूममध्ये करवंदं कधीपासून लागली?"

माझं हसण्यावारी गेलं. त्याचं तसं नव्हतं. पूर्वी एकदा पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तेव्हा वहिनींनी त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. डोंगर बंद, सायकल फक्त सपाट रस्त्यावर. त्याने घेतली. पुढच्याच महिन्यात तो आमच्या पुढे वर चढत होता.

त्याचं कोपर सोललं, बाथरूम. घोटा सुजला, बाथरूम. बिचाऱ्या वहिनींनी आधी रबरी मॅट टाकली, मग खरखरीत लाद्या बसवून घेतल्या, मग भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. "आता फक्त वॉचमन ठेवायचा राहिलाय," असं तो आम्हाला सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्या रविवारी सुक्या ओढ्याच्या उतारावर त्याचं पुढचं चाक झाडाच्या मुळात अडकलं. हँडल गर्रकन वळलं आणि त्याचं टोक डाव्या बरगड्यांच्या खाली घुसलं. रक्त नाही, खरचटलं नाही, नुसता एक गोल वळ. तो उठला, स्वतःच नळाखाली डोकं धरलं आणि घरी गेला.

दुपारी वहिनींचा फोन आला. "भावोजी, जरा येता का? यांना चक्कर येतेय." मी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. रिक्षात घालून आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं.

"कसे पडले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाथरूममध्ये," वहिनी म्हणाल्या. "बघा ना, एवढं सगळं करून घेतलंय तरी घसरतातच."

त्याने मान हलवली. डावा खांदा दुखतोय म्हणाला. पडला पोटावर आणि दुखतोय खांदा. चेहरा चुन्यासारखा झाला होता. बाई गोळ्या लिहायला लागल्या. त्याने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. हात गार पडला होता.

"डॉक्टर, हा डोंगरावर पडलाय," मी म्हणालो. "सायकलचं हँडल पोटात घुसलंय."

त्याने माझं मनगट सोडलं.

पुढे सगळं धावपळीत झालं. मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन. प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचलं होतं. आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता यांनी. आणि तुम्ही सगळे हसत होतात ना?"

हसत होतो, हे खरंच होतं.

तो हिंडूफिरू लागेपर्यंत त्या थांबल्या. सगळं पथ्यपाणी केलं. मग मुलीला घेऊन पार्ल्याला माहेरी गेल्या.

आमचा ग्रुप फुटला. मला कोणी बोलावत नाही. ज्याच्यासमोर पडायची सोय नाही, असा माणूस त्यांना नको असावा.

मागे एकदा तो मेडिकलच्या दुकानात भेटला. शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

"कसा आहेस?"

"जिवंत आहे. तुझी कृपा."

"अरे, मी गप्प बसलो असतो तर मेला असतास."

"मेलो असतो तर रडली असती ती," तो म्हणाला. "सोडून गेली नसती."

औषधांची पिशवी घेऊन तो दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागला, एक हात पोटावर. मी आधाराला हात पुढे केला. त्याने भिंत धरली.