शंकरपटाच्या आदल्या दिवशी हरवलेला मानपट्टा

नोकरीतल्या बऱ्याच फिर्यादी पुसट झाल्या, ही मात्र झाली नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मी वलगावच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आदल्या वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडा उलटून तो हाकणाऱ्या धुरकऱ्याची मान मोडली. तो जागीच गेला. पंचनामा मीच केला आणि हुकूम काढला : गळ्याभोवती मानपट्टा नसेल त्या धुरकऱ्याने बैल जुंपायचे नाहीत. मानपट्टा म्हणजे चामड्याच्या खोळीत कापूस ठासून केलेले जाड कडे. ते शिवायला चांभाराला आठवडा लागे.

पटाच्या आदल्या सकाळी एक माळी धुरकरी ठाण्यात आला.

"साहेब, माहा मानपट्टा चोरीले गेला. आता तुमी मले धावू देनार नाई."

संशय प्रतिस्पर्ध्यावर. त्याला बोलावून विचारपूस केली. तो हसला.

"मी कावून चोरू? तो नसला त मी हरवू कोनाले? लोक म्हनतीन, रिकाम्या मैदानात जितला."

जबाब पटण्यासारखा होता. झडतीतही काही निघाले नाही.

दुपारी खबर आमच्याच बुटक्या हवालदाराने दिली. फिर्यादीची बायको ठाण्यासमोर भाजी विकत असे आणि जाताना तिचे टोपले डोक्यावर चढवायला हवालदार हात देत असे.

"साहेब, वांगी तेवढीच, पण आज टोपल्यापर्यंत हात पोचला नाही."

बाईला ठाण्यात बोलावून टोपले उतरवले. डोक्यावर चुंबळीच्या जागी मानपट्टा होता.

"घरी ठेवला असता त सासूनं हुडकला असता," बाई शांतपणे म्हणाली. "नेम तुमचाच हाय ना साहेब? पट्टा नाई त पट नाई. मागच्या साली मेला तो माह्या मावशीचा पोरगा. मीनंच उचलला त्याले. मान हातात ठरत नोती."

तिचा नवरा सकाळपासून ठाण्यातच बसून होता. तो मात्र खूश.

"सापडला! द्या साहेब, उद्या पट हाय."

बायकोवर गुन्हा धरण्यासारखे काही नव्हते. पण फिर्याद नोंदली होती. मी मानपट्ट्यावर लाखेचे सील मारायला सांगितले.

"हा मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय परत मिळत नाही. कोर्ट सोमवारी."

"म्हंजे माह्याच फिर्यादीनं मीच अडकलो?"

"अडकला नाई, वाचला," बायको म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावरचा फेटा काढला, त्याची चुंबळ केली आणि टोपले घेऊन निघाली. तो बोडक्याने मागोमाग गेला.

रविवारी तो लोकांत उभा राहून दुसऱ्यांच्या बैलांना शिव्या देत होता. त्याचा प्रतिस्पर्धी जिंकला आणि त्याच्यापेक्षाही जास्त हिरमुसला.

हुकूम आम्ही कागदावर काढतो. त्याचा अर्थ ज्याने मोडलेली मान हातात धरली आहे त्यालाच नीट कळतो, आणि पळवाटही त्यालाच सापडते. त्या दिवशी ती पळवाट बुजवावी असे मला वाटले नाही.