पाणमांजराची शेपूट

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई, पार्वताबाई, नळ्यांच्या गुंत्यातून मला म्हणाल्या, "आता तरी खरं सांग वं... त्या पाणमांजराची शेपूट कशी होती?" चादरीच्या सुरकुत्या काढत मी म्हणाले, "उद्या सांगतो बाई. निजा आता." दुसऱ्या दिवशी करडीहून निघताना एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवला आणि पुतण्याचा फोन आला. महिना होऊन गेला, तो पाय अजून कुठं टेकत नाही.

पार्वताबाईंनी लहानपणी माहेरी, आंबागडच्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, पाणमांजर पाहिलं होतं. सासरी कोणी मानलं नाही. त्यात मी सगळ्यांत पुढे! नवी नवरी, रोवण्यात धानाचं रोप सरळ लावता येत नव्हतं, पण बाया गोळा करून नक्कल करायची, "बाईनं मांजर पाह्यलं, बोडीवर दूध पिऊन राहिलं होतं!" केवढी हुशार समजायची ही पोरगी स्वतःला. पार्वताबाई खाली वाकून रोवत राहायच्या.

पुढे त्यांचा मुलगा नोकरीनं कोकणात गेला. तिथल्या खाडीत पाणमांजरं आहेत हे कळलं आणि बाईंनी मला धरूनच नेलं. "मले नाही पाहाचं. तुले दाखवाचं हाय," एवढंच म्हणाल्या.

खारफुटीच्या कडेला चिखल दिसला आणि आम्ही, धानाच्या बांधीत उतरताना काढतो तशा, चपला काढून काठावर ठेवल्या. पुतण्या पुढे होता, त्याचं लक्ष नव्हतं. बोडीकाठच्या बायांना काय ठाऊक, की पाणी सकाळी एका जागी असतं आणि दुपारी दुसऱ्या! चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली, त्यांतून लाल खेकडे पळत होते. माझं सुरूच... हे काय, ते काय, कवा येते? "काकू, चूप बसा जी," पुतण्या कळवळला. बसले. अर्धा तास. मग पार्वताबाईंनी माझं मनगट करकचून धरलं. "थे पाह्य..."

नेमकं तेव्हाच डोळ्याच्या कोपऱ्यातून मला माझी नवी, लाल पट्ट्याची चप्पल तरंगत जाताना दिसली. "माही चप्पल!" अशी ओरडले की झाडांवरचे बगळे उडाले. वळून पाहते तर पाण्यावर नुसती वलयं.

"दिसलं?" बाईंनी विचारलं. चेहरा असा उजळला होता की... "दिसलं ना!" मी म्हणाले. साठी उलटलेली बाई, खोटं बोलली ती चपलेपायी.

गावात मीच मग रंगवून सांगायची. बाई बाजूला तांदूळ निवडत विचारायच्या, "शेपूट कशी होती वं?" कधी मी म्हशीसारखी सांगितली, कधी खारीसारखी झुपकेदार. त्या पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, खपलं.

सकाळी गावच्या बोडीच्या पाळीवर, काठाच्या एका सपाट दगडावर बसून पाणी पाहत राहायची त्यांची सवय होती. आता मी जाते. पाच मिनिटांत पाय शिवशिवतात. उठते, पुन्हा बसते. काल मोठ्यानं म्हणाले, "बाई, शेपूट मी पाह्यलीच नाही. चप्पल पाहून राहिलो होतो."

कमळाच्या पानांत काहीतरी हललं. मासा असेल, पाणसाप असेल... चपला मागे पाळीवर काढून ठेवल्या होत्या. मी वळून पाहिलं नाही.