वरून प्यायचं पाणी

बिनदातांची माणसं माझ्या दवाखान्यात येतात तेव्हा घरच्यांना बहुधा एकच हवं असतं, गाल भरलेले दिसावेत. माझ्या आत्याला घेऊन आलेल्या तिच्या सुनेलाही तेच हवं होतं. घरात सुनेच्या मुलाचं लग्न होतं. कवळीची उंची जरा वाढवली की ओठांभोवतीची कातडी ताणली जाते. मी वाढवली. उच्चार नीट होतात का पाहायला आकडे मोजायला लावले, कागदी पेल्यातून पाणी प्यायला दिलं. सगळं ठीक वाटलं.

आठवड्यानं राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या घरी गेले, तर कवळी कपाटावर डब्यात.

"घालत नाहीस?"

"पाणी प्याले की ठसका लागतो गे. परवा सुनेच्या साडीवर उडालं. आता पापनाशमला, मुलीच्या गावी, लग्नात मला खोलीत ताट देणार म्हणे. नातवाचं लग्न, आणि आजी दाराआड!"

"पण दात दिसतात छान," सून म्हणाली.

"फोटोत दिसतात. फोटो पाणी पीत नाही."

मी तिला माझ्यासमोर प्यायला सांगितलं. तिनं मान मागे टाकली, पाण्याचा टंबलर तोंडापासून वीतभर वर धरला आणि धार सोडली. आमच्याकडे उष्टं होऊ नये म्हणून भांडं ओठाला लावत नाहीत. मीही लहानपणापासून असंच पिते. तरी दवाखान्यात मात्र सगळ्यांना घोट घेत प्यायला लावते! घोट घेताना ओठ भांड्याभोवती मिटतात, मदत करतात. वरून पिताना सगळं काम जिभेचं. ती टाळूला टेकली तरच पाणी मागे ढकलते. मी दोन्ही जबडे एकमेकांपासून इतके लांब ठेवले होते की जीभ टाळूपर्यंत पोचतच नव्हती.

"चूक माझी," मी म्हटलं. "उंची कमी करते."

"मग गाल परत बसतील," सून म्हणाली.

"बसू देत. गालांनी गिळता येत नाही."

खालची कवळी नव्यानं केली, दोन मिलिमीटर बुटकी. या वेळी आत्याला घरचा टंबलर घेऊन यायला सांगितलं होतं. तिनं तो पुरता रिकामा केला, एका दमात, ठसक्याशिवाय. पदरानं हनुवटी पुसली आणि सुनेकडे वळली.

"सोयऱ्यांना आत्ताच फोन लाव. म्हणावं, खोलीतलं ताट नको. मी पंगतीत बसणार."